एक इन्शुरन्स क्लेम आणि १३२ माणसं: झॉन्ग जहाजाचं प्रकरण

६ मार्च १७८३ ला लंडनच्या गिल्डहॉलमध्ये एका इन्शुरन्स क्लेमची केस चालली. लिव्हरपूलचे काही व्यापारी म्हणत होते की आमच्या जहाजावरचा माल समुद्रात टाकावा लागला, त्याची भरपाई द्या, आणि विमावाले म्हणत होते की देणार नाही. माल म्हणजे १३२ जिवंत माणसं, त्यात बायका आणि मुलंही होती, आफ्रिकेतून जमैकाला विकायला चालवलेली. क्लेम होता डोई ३० पौंड. ज्युरीने दोन्ही बाजू ऐकल्या आणि निकाल व्यापाऱ्यांच्या बाजूने दिला, म्हणजे विमावाल्यांनी पैसे मोजायचे.

खून झाला की नाही हा प्रश्न त्या दिवशी कोर्टापुढे नव्हताच. पैसे कोणी भरायचे एवढाच वाद होता आणि तो दोन धंदेवाल्यांमधला होता. मला हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटतं ते यासाठीच, कारण गुलामांचा व्यापार करणारे आणि तो बंद करा म्हणणारे नेमकं काय वेगळं बघत होते हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं मोठमोठ्या भाषणांत दिसत नाही. घटना एकच, कागद तेच, आकडे तेच. माझं म्हणणं असं आहे की या लढाईत व्यापाऱ्यांना सगळ्यात जास्त नडले ते त्यांचे स्वतःचे कागद, आणि विरोधकांची खरी कमाई ही की त्यांनी ते कागद शोधून काढले, नीट वाचले आणि लोकांसमोर ठेवले.

जहाजावर काय झालं

झॉन्ग हे मुळात डच गुलाम-जहाज. फेब्रुवारी १७८१ मध्ये ते एका ब्रिटिश जहाजाने लढाईतली लूट म्हणून पकडलं, तेव्हा त्यावर २४४ आफ्रिकन माणसं आधीच कोंडलेली होती. लिव्हरपूलच्या एका सिंडिकेटतर्फे ते माणसांसकट विकत घेतलं गेलं. या सिंडिकेटमधलं मोठं नाव विल्यम ग्रेगसन, जो १७६२ मध्ये लिव्हरपूलचा महापौर होता आणि १७४७ ते १७८० या काळात गुलामांच्या जवळपास ५० सफरींमध्ये त्याचा पैसा होता. म्हणजे हा कोणी लपूनछपून धंदा करणारा माणूस नव्हता, शहरातला पहिल्या फळीतला, मान असलेला गृहस्थ होता.

कॅप्टन केलं ल्यूक कॉलिंगवूडला. हा आधी जहाजावरचा डॉक्टर. गुलाम-जहाजावरच्या डॉक्टरचं मोठं काम म्हणजे किनाऱ्यावर विकायला आणलेली माणसं तपासायची, दात बघायचे, अंग बघायचं, कोण घ्यायचं कोण नाही ते ठरवायचं. जहाज हाकायचा अनुभव त्याला नव्हता. खलाशी फक्त १७. जहाज ११० टनांचं, त्या काळच्या ब्रिटिश जहाजांच्या हिशोबाने त्यात १९० च्या आसपास माणसं कोंबली जायची, आणि १८ ऑगस्ट १७८१ ला पश्चिम आफ्रिकेतलं अक्रा सोडताना यात होती ४४२. (या माणसांच्या बदल्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जो माल दिला जायचा त्यात आपल्याकडचं, गुजरात आणि कोरोमंडलचं सुती कापड मोठ्या प्रमाणात असायचं आणि मालदीवच्या कवड्या असायच्या. ही साखळी आपल्या विणकराच्या मागापासून सुरू व्हायची हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.)

पुढे सगळं बिघडतच गेलं. कॉलिंगवूड आजारी पडला, फर्स्ट मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, जेम्स केल्सॉलचं आणि त्याचं भांडण झालं आणि केल्सॉलला कामावरून बाजूला केलं, रॉबर्ट स्टब्स नावाचा एक प्रवासी जहाजावर होता जो पूर्वी स्वतः गुलाम-जहाजाचा कॅप्टन होता, काही काळ कारभार त्याच्याच हाती होता असं नंतर सांगितलं गेलं. नोव्हेंबरमध्ये जहाज टोबॅगो बेटाजवळून गेलं पण पाणी भरायला थांबलं नाही. २७-२८ नोव्हेंबरला जमैका समोर दिसत होतं, पण यांना वाटलं ही फ्रेंचांची सेंट डोमिंग वसाहत, म्हणून पुढे निघून गेले. चूक कळली तोपर्यंत जहाज वाऱ्याबरोबर जमैकापासून बरंच लांब गेलं होतं आणि उलट्या वाऱ्यात मागे यायला दहा-तेरा दिवस लागणार होते. पाणी चारेक दिवसांचंच उरलंय असा अंदाज. तोपर्यंत साठच्या वर आफ्रिकन माणसं आजाराने मेली होती, खलाशीही मेले होते.

२९ नोव्हेंबरला कॅप्टनने माणसं गोळा करून विचारलं, काही गुलाम समुद्रात टाकायचे का. केल्सॉलने आधी विरोध केला असं सांगतात, पण शेवटी सगळे तयार झाले. त्या संध्याकाळी ५४ बायका आणि मुलं केबिनच्या खिडकीतून एकेक करून पाण्यात ढकलली. १ डिसेंबरला ४२ पुरुष. त्यानंतरच्या दिवसांत आणखी ३६. दहा जणांनी ढकलायच्या आधी स्वतःच उडी मारली. एकाला दोर सापडला आणि तो वर चढून परत जहाजात आला.

केल्सॉलने नंतर प्रतिज्ञापत्रात एक गोष्ट लिहून दिली आहे, ती वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. कोंडलेल्या माणसांपैकी एकाला इंग्रजी येत होतं. त्याने येऊन सांगितलं की खाली सगळ्यांना कळलंय काय चाललंय, ते विनवणी करतायत की आम्हाला जगू द्या, आम्ही अन्न मागणार नाही, पाणीही मागणार नाही, बंदर येईपर्यंत तसंच राहू. म्हणजे पाणी कमी आहे म्हणून तुम्ही मारताय ना, मग पाणीच नको आम्हाला. याच्यावर कॅप्टनने काहीही केलं नाही, टाकायचं काम चालूच राहिलं.

२२ डिसेंबरला जहाज जमैकाच्या ब्लॅक रिव्हर बंदरात पोचलं तेव्हा २०८ माणसं जिवंत होती. ती सरासरी ३६ पौंडांना विकली गेली. जहाजावर ४२० गॅलन पाणी शिल्लक होतं. तीन दिवसांनी कॉलिंगवूड मेला, आणि जहाजाची रोजनिशी गायब झाली ती कायमची.

क्लेम नेमका कशावर उभा होता

हे समजल्याशिवाय व्यापाऱ्यांचं लॉजिक कळणार नाही. त्या वेळच्या विम्याच्या प्रथेत गुलाम आजाराने, म्हणजे नैसर्गिकरीत्या मेला तर नुकसान मालकाचं. पण बंड मोडताना मेला, किंवा जहाज आणि बाकीचा माल वाचवायला टाकून द्यावा लागला, तर तो समुद्राचा धोका, आणि भरपाई विमावाल्याने द्यायची. वादळात जहाज बुडू नये म्हणून खोकी फेकतात त्याच नियमात माणसं बसवलेली होती. आता विचार करा, जहाजावर रोज माणसं आजाराने मरतायत, जी जमैकात पोचतील ती अशी खंगलेली की कोणी भाव देणार नाही, ती मेली तर मालकाचे ३० पौंड गेले, आणि हीच माणसं गरज पडली म्हणून टाकली असं दाखवता आलं तर तेच ३० पौंड परत मिळतात. कॉलिंगवूडच्या डोक्यात नेमकं काय होतं ते त्याच्याबरोबर गेलं, पण त्या विमा-पद्धतीत मेलेल्या माणसापेक्षा मारलेल्या माणसाचे पैसे जास्त येत होते. कोर्टातही विमावाल्यांनी आणि नंतर गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पने याच्यावरच बोट ठेवलं.

ग्रेगसन आणि मंडळींना हा क्लेम लावताना संकोच वाटला नाही, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण केलेलं लपवायचं असतं तर त्यांनी क्लेमच लावला नसता, गप्प बसले असते, १३२ माणसं समुद्रात गेली हे इंग्लंडमध्ये कोणालाही कळलं नसतं. तो क्लेम त्यांनी स्वतःच्या हाताने कोर्टात नेला कारण त्यांच्या दृष्टीने तो रोजच्या व्यवहारातला एक कागद होता.

१९ मार्च, शार्पच्या घरी

निकाल लागून दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा ग्रॅनव्हिल शार्पच्या घरी एक काळा माणूस आला. ओलाउदा इक्वियानो, त्या वेळी लोक त्याला गुस्तावस वासा या नावाने ओळखायचे. स्वतः गुलाम राहिलेला, कमावलेल्या पैशातून स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलेला. त्याने सांगितलं की एका जहाजावरून एकशे तीसच्या आसपास माणसं जिवंत समुद्रात टाकली आहेत. शार्पने डायरीत नोंद केली. हे मुद्दाम लिहितोय कारण ही सगळी गोष्ट सांगताना बऱ्याचदा भल्या इंग्रज माणसांची नावं पुढे येतात आणि बातमी घेऊन कोण आला हे मागे पडतं. इक्वियानो गेला नसता तर झॉन्गची केस इतर शेकडो क्लेमसारखी फायलीत राहिली असती.

शार्प काही वकील नव्हता, सरकारी खात्यात कारकुनी केलेला माणूस. १७६५ मध्ये जोनाथन स्ट्राँग नावाचा मालकाने मारून मारून टाकून दिलेला एक पोरगा त्याला त्याच्या डॉक्टर भावाच्या दारात दिसला आणि तिथून याने कायद्याची पुस्तकं घेऊन स्वतः अभ्यास सुरू केला. १७७२ च्या सॉमरसेट केसमागेही हाच होता, ज्यात ठरलं की इंग्लंडच्या भूमीवरून गुलामाला जबरदस्तीने बाहेर नेता येणार नाही. तो निकाल देणारा न्यायाधीश होता लॉर्ड मॅन्सफिल्ड. झॉन्गचं प्रकरणही पुन्हा मॅन्सफिल्डसमोरच आलं. याच मॅन्सफिल्डच्या घरात त्याच्या भाच्याची आणि एका गुलाम आफ्रिकन बाईची मुलगी, डायडो बेल, लहानपणापासून वाढत होती. असा माणूस न्यायासनावर.

मे १७८३: दोन भाषा

विमावाल्यांनी नवीन ट्रायल मागितली आणि २१ व २२ मे ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये सुनावणी झाली. शार्प स्वतः जाऊन बसला आणि बरोबर पैसे देऊन एक शॉर्टहँड लिहिणारा नेला. कोण काय बोलतंय ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं. त्या दोन दिवसांबद्दल आज इतकं कळतं ते या एका निर्णयामुळे.

मालकांच्या बाजूने होता जॉन ली, सॉलिसिटर जनरल, सरकारचा मोठा कायदा अधिकारी. त्याचं म्हणणं सरळ होतं. माणसं फेकली वगैरे बोलूच नका, ही मालाची केस आहे, हे लोक माल आहेत, मालमत्ता आहेत, लाकूड टाकलं असतं तर जे म्हटलं असतं तेच इथे म्हणायचं. कोर्टात एक माणूस बसलाय ज्याला खुनाचा खटला भरायचाय असं तो शार्पकडे रोख ठेवून बोलला आणि म्हणाला की या सज्जन माणसांवर खुनाचा आरोप करणं शुद्ध वेडेपणा आहे, क्रौर्य तर सोडाच, काही अनुचित केलं असंही म्हणता येणार नाही. मॅन्सफिल्डनेही ज्युरीचं मत सांगताना म्हटलं की ऐकायला धक्का बसतो, पण त्यांच्या मनात शंका नव्हती की गुलामांची केस ही घोडे टाकले असते तशीच आहे.

ली खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. तो कायदा जसा होता तसाच सांगत होता. अडचण तीच होती. ब्रिटिश वसाहतींच्या कायद्यात तो माणूस खरोखर मालमत्ता होता, विम्याच्या कागदावर खरोखर माल होता, आणि एकदा हे पहिलं वाक्य मान्य केलं की लीचं पुढचं प्रत्येक वाक्य अगदी तर्काला धरून येतं. म्हणून व्यापाऱ्यांशी पुढच्या वाक्यांवर वाद घालून उपयोगच नव्हता.

विमावाल्यांचे वकील मात्र वेगळंच बोलले. ते म्हणाले रंग कुठलाही असो, एका माणसाचा जीव दुसऱ्याच्या जीवाइतकाच, आणि आम्ही इथे फक्त विमावाल्यांचे नाही तर लाखो माणसांचे वकील म्हणून उभे आहोत. आता हे विमावाले काही गुलामगिरीचे विरोधक नव्हते, याच जहाजांचे विमे उतरवून ते पैसे कमवत होते आणि इथे त्यांना पैसे वाचवायचे होते. तरी भर कोर्टात, नोंद होईल अशा जागी हे बोललं गेलं याची किंमत मोठी आहे. मला वाटतं शार्पने त्यांना माहिती आणि मुद्दे पुरवले नसते तर त्यांनी फक्त पाण्याच्या पिंपांचा हिशोब मांडला असता.

आणि त्या पिंपांच्या हिशोबानेच केस फिरली हेही खरं. सुनावणीत पुढे आलं की टाकायला सुरुवात करण्याआधी कोणाचंही पाणी कमी केलेलं नव्हतं, रेशन पूर्ण चालू होतं. आणि मधल्या काळात जोरदार पाऊस पडला होता, पिंपं भरून घेतली होती, आणि शेवटचे ३६ लोक त्या पावसानंतर टाकले होते. मॅन्सफिल्ड म्हणाला हे तर आधी सांगितलंच नव्हतं. पाणी मिळाल्यावर गरज कसली. शिवाय जमैका ओलांडून जाणं ही कॅप्टनची चूक, ती समुद्राच्या धोक्यात बसत नाही. नवीन ट्रायल मंजूर झाली.

ती नवीन ट्रायल झाल्याची नोंद नाही. मालकांनी बहुधा क्लेम सोडून दिला. शार्पने शॉर्टहँडची प्रत आणि सगळे कागद नौदलाच्या बड्या अधिकाऱ्यांना पाठवले, पंतप्रधान ड्यूक ऑफ पोर्टलंडला पाठवले, खुनाचा खटला भरा म्हणून. एकानेही खटला भरला नाही. १३२ माणसांच्या मृत्यूसाठी कोणालाही एक दिवसाचीसुद्धा शिक्षा झाली नाही.

मग या केसने काय केलं

लगेच काहीच नाही. वर्तमानपत्रात एक पत्र आलं, काही धर्मगुरू आणि क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) लोकांना कळलं, बस. पण शार्पने पाठवलेली माहिती फिरत राहिली. केंब्रिजचा कुलगुरू पीटर पेकार्ड याने १७८५ मध्ये लॅटिन निबंध स्पर्धेला विषय ठेवला, दुसऱ्याला त्याच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणं योग्य आहे का. बक्षीस मिळालं थॉमस क्लार्कसन नावाच्या विद्यार्थ्याला, आणि त्या पोराने निबंध लिहून झाल्यावर विषय सोडून दिला नाही, आयुष्य त्यात घातलं. २२ मे १७८७ ला लंडनमध्ये बारा जणांची कमिटी बनली, त्यातले नऊ क्वेकर, आणि शार्प व क्लार्कसन दोघेही.

क्लार्कसनची कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. तो घोड्यावरून बंदरं फिरला, ब्रिस्टल, लिव्हरपूल, आणि खलाशांच्या हजेरीपत्रकांच्या नोंदी काढल्या. व्यापाऱ्यांचा संसदेपुढचा लाडका मुद्दा होता की हा धंदा म्हणजे आपल्या नौदलाची शाळा आहे, इथे तयार झालेले खलाशी देशाच्या कामी येतात. क्लार्कसनने वीस हजारांच्या आसपास खलाशांची माहिती गोळा केली आणि दाखवलं की बाकी कुठल्याही व्यापारापेक्षा या व्यापारात खलाशी जास्त मरतात. हा मुद्दा त्यानंतर व्यापाऱ्यांना कधी नीट उचलताच आला नाही. ज्या ब्रिटिश खासदाराला आफ्रिकन माणसाची पर्वा नव्हती त्यालाही आपल्या खलाशाची होती.

लिव्हरपूलमध्ये एका दुकानात त्याला हातकड्या, पायातल्या बेड्या, अंगठे पिळायचे स्क्रू आणि एक कात्रीसारखं लोखंडी अवजार विकायला ठेवलेलं दिसलं. ते अवजार कशाला म्हणून विचारल्यावर दुकानदाराने सांगितलं की गुलाम कधीकधी खायचं सोडतात, दात आवळून बसतात, तेव्हा ही टोकं दातांत घालून स्क्रू फिरवला की तोंड उघडतं. मूळ वापर धनुर्वाताच्या रुग्णासाठी. क्लार्कसनने ते सगळं विकत घेतलं आणि नंतर पुराव्यासारखं दाखवत राहिला. उघड दुकानात, भाव लावून मिळणारी वस्तू होती ती. याच शहरात धक्क्यावर काही जणांनी त्याला घेरून पाण्यात ढकलायचा प्रयत्न केला, तो कसाबसा निसटला.

आता समोरच्या बाजूचं म्हणणंही पूर्ण सांगायला हवं, कारण ते लोक गप्प बसले नव्हते. १७८८-८९ मध्ये प्रिव्ही कौन्सिल (राजाचं सल्लागार मंडळ) आणि संसदेपुढे लिव्हरपूलची मंडळी साक्षीला आली. त्यांचं म्हणणं असं की ही माणसं लढायांतले कैदी, आम्ही विकत घेतलं नाही तर तिथले राजे त्यांना मारूनच टाकतील, म्हणजे आम्ही जीव वाचवतोय. आम्ही बंद केलं तर फ्रेंच करतील, मग गुलामाचं काही भलं होणार नाही आणि पैसा मात्र शत्रूकडे जाईल. लिव्हरपूल शहर यावर उभं आहे, जहाज बांधणारा, दोर वळणारा, कापडवाला, सगळे उपाशी मरतील. साखर कुठून आणणार. आणि जहाजावर हाल होतात हे तर साफ खोटं.

या शेवटच्या मुद्द्यावर रॉबर्ट नॉरिस नावाचा जुना गुलाम-कॅप्टन साक्षीला होता. त्याने सांगितलं की जहाजावर त्यांच्या खोल्यांना धूप आणि लिंबाच्या रसाने सुगंधित करतात, जेवणानंतर गाणी आणि नाच होतो. हाच नॉरिस क्लार्कसनला लिव्हरपूलमध्ये आधी भेटला होता आणि तेव्हा त्याने स्वतःहून व्यापाराविरुद्धची माहिती दिली होती, नंतर तो लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून उलट बाजूला उभा राहिला. १२ मे १७८९ ला विरोधकांचा संसदेतला आवाज असलेल्या खासदार विल्यम विल्बरफोर्सने संसदेत नॉरिसचीच साक्ष वाचून दाखवली आणि मग दुसऱ्या साक्षींतून सांगितलं की तो नाच म्हणजे बेड्या घातलेल्या माणसांना हालचाल व्हावी म्हणून चाबकाने मारून उड्या मारायला लावणं.

सरकारने लिव्हरपूलच्या जहाजांची मापं घ्यायला एक नौदल अधिकारी पाठवला होता. त्यातल्या ब्रुक्स जहाजाची मापं घेऊन विरोधकांनी चित्र छापलं. पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा, बाईला पाच फूट दहा इंच बाय सोळा, मुलग्याला पाच फूट बाय चौदा इंच, मुलीला साडेचार फूट बाय एक फूट. अशा हिशोबाने ४८२ आकृत्या काढल्या आणि जहाज गच्च भरलं. खाली लिहिलं की याच जहाजाने याआधी ६०९ माणसं नेली आहेत. घरी मोजपट्टी असेल तर सोळा इंच मोजून बघा, आणि मग त्यात दोन महिने पडून राहायचं, शेजाऱ्याच्या पायाला आपला पाय बांधलेला. चित्रात एकही शब्द भडक नाही. पबमध्ये, घरांच्या भिंतींवर ते लागलं आणि लोकांना पहिल्यांदा कळलं की आपल्या कपातली साखर कशी येते.

जॉन न्यूटनबद्दल थोडं लिहायलाच हवं. हा स्वतः गुलाम-जहाजांचा कॅप्टन होता, १७५४ मध्ये त्याने समुद्र सोडला, पुढे धर्मगुरू झाला, आणि उघडपणे या व्यापाराविरुद्ध लिहिलं १७८८ मध्ये. मधली चौतीस वर्षं. त्याने स्वतः कबूल केलं की धंद्यात असताना त्याला यात काही गैर आहे असं एकदाही वाटलं नव्हतं, उलट तो जहाजावर प्रार्थना घ्यायचा. व्यापारी आणि विरोधक ही माणसांची दोन वेगळी जात नव्हती, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. तोच माणूस, त्याच आठवणी, फक्त खाली कोंडलेला कोण आहे याचं उत्तर बदललं.

कायदा झाला तो कसा झाला

१७८८ मध्ये डॉल्बेनचा कायदा आला, जहाजाच्या टनांप्रमाणे किती माणसं न्यायची त्यावर मर्यादा. त्यानंतरच्या नियमांत एक कलम आलं की गुलाम कुठल्याही कारणाने समुद्रात टाकले तर त्याची विमा भरपाई मिळणार नाही. झॉन्गचा सरळ परिणाम तो हा. कलम चांगलंच, पण ते नीट वाचलं तर कळतं की त्यातही माणसाला मारू नका असं म्हटलेलं नाही, पैसे मिळणार नाहीत एवढंच म्हटलंय. विरोधकांनी ही भाषा स्वीकारली कारण त्या संसदेला तीच कळत होती, आणि त्यांनी सुरुवातीला व्यापारावरच बोट ठेवलं, मळ्यांवरच्या गुलामगिरीला हात लावला नाही. मला यात त्यांचा शहाणपणा दिसतो आणि एक मोठी उणीवही दिसते, कारण जी माणसं आधीच जमैकात पोचली होती, झॉन्गवरून वाचलेली ती २०८ धरून, त्यांच्यासाठी या सगळ्यात काहीच नव्हतं.

१७९१ मध्ये विल्बरफोर्सचं बिल १६३ विरुद्ध ८८ मतांनी पडलं. पुढच्या वर्षी ५१९ अर्ज संसदेत आले, तरी हाउस ऑफ कॉमन्सने "हळूहळू" हा शब्द घालून विषय लांबवला. मग फ्रान्सशी युद्ध, आणि सगळं थंड. व्यापार बंदीचा कायदा २५ मार्च १८०७ ला झाला, झॉन्गनंतर पंचवीस वर्षांनी.

मळ्यांवरची गुलामगिरी आणखी चालूच होती. १८३१ च्या ख्रिसमसमध्ये जमैकाच्या पश्चिम भागात हजारो गुलामांनी काम बंद केलं आणि त्याचं बंड झालं. त्यांचा पुढारी सॅम शार्प, गुलाम म्हणूनच जन्मलेला, बाप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचन करणारा. पाचशेच्या आसपास लोकांना ठार केलं किंवा फासावर दिलं, त्यालाही २३ मे १८३२ ला फाशी दिली. या बंडानंतर लंडनला कळून चुकलं की हे आता फार दिवस धरून ठेवता येणार नाही. इंग्लंडमधल्या सभा आणि अर्ज जितके कारणीभूत तितकंच हे बंडही, असं मी ठामपणे म्हणेन.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिलं तेव्हा ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटून काम केलं. समुद्रापलीकडचा गुलाम आणि गावकुसाबाहेरचा माणूस या दोघांच्या गळ्यातलं जोखड एकच आहे हे पुण्यात बसून एका माणसाला स्पष्ट दिसत होतं, हे मला आजही फार मोठं वाटतं.

१८३३ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १८३४ पासून बहुतेक ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी कागदावर संपली. त्यासाठी सरकारने २ कोटी पौंड मंजूर केले, सगळे मालकांना, मालमत्ता गेली म्हणून. मालकांनी फॉर्म भरले, किती डोकी, शेतात काम करणारा, घरात काम करणारा, म्हातारा, लहान मूल, प्रत्येक वर्गाला वेगळा दर, आणि अधिकाऱ्यांनी ते तपासून पैसे दिले. जॉन ली ५० वर्षांपूर्वी कोर्टात जे म्हणाला होता ते या फॉर्ममध्ये तसंच्या तसं मान्य झालं होतं. सुटलेल्या माणसांना एक पैसाही मिळाला नाही, उलट सहा वर्षांवरच्या बहुतेकांना उमेदवारीच्या नावाखाली जुन्याच मालकाकडे आठवड्यातले बरेचसे तास फुकट राबावं लागलं. ती उमेदवारी १ ऑगस्ट १८३८ ला बंद झाली. मालकांना द्यायला काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये केली.